दारव्हा, व्हाया कागल

‘नटरंग’ पाहिलाय ना? अतुल कुलकर्णीचा गुणा, अजय-अतुलची गाणी, सगळं पाठ. पण मूळ कादंबरी कुणाची? परवा मगरपट्ट्यातल्या आमच्या ग्रुपला विचारलं, तर कॉफी ढवळत सगळे गप्प.

आनंद यादव, बॉस! पुणे विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक. पण १९८७ मध्ये आलेलं त्यांचं ‘झोंबी’ वाचलं की कळतं, हा माणूस वर्गात फळ्यासमोर उभा राहण्याआधी वर्गात नुसतं बसायला मिळावं म्हणून किती लढलाय ते. कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल. घरात शेती, आणि वडिलांनी शाळा सोडायला लावलेली. पोरगं शिकलं तर मोटेमागं, जनावरांमागं कोण? शेवटी मायलेक रात्रीचे गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात, ‘आम्ही आलो होतो हे सांगू नका’ असं बजावून. देसाई बापाला बोलावून झापतात. मग बाप तयार होतो, पण अटी घालून. अकराच्या शाळेआधी शेतावर काम, दप्तर तिथंच आणायचं, सुटल्यावर जनावरं चारायची, आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा नाही. आपल्या एचआरलाही सुचणार नाही असं अॅग्रीमेंट!

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभाव करून शिकवायचे. स्वतःही लिहायचे. त्यांच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनी कविता केली. पोरानं वेलही पाहिली होती आणि आता कविताही ऐकली. म्हणजे कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो तर! आणि दारातल्या वेलीवर लिहिता येतं, तर बांधावरच्या फुलांवर का नाही? मग कागद नसेल तेव्हा म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहायच्या. पाठ झाल्या की पुसायच्या. ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमी मिळालं. त्यातलाच एक तुकडा ‘जूझ’ नावानं सीबीएसईच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात गेला, म्हणजे दिल्लीतल्या पोरांना हा कागलचा आनंदा ठाऊक, आणि आपल्याला?

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आई. मी दारव्ह्याची, यवतमाळ जिल्हा, कापसाचा मुलूख. (मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला दारव्ह्यावरूनच धावायची, तीही मुळात या कापसासाठी. आता ती बंद पडलीय.) आई तिथल्याच एका खेड्यात शिक्षिका आहे. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की तिचा वर्ग रिकामा व्हायला लागतो, मुली आधी. यंदा सातवीतली एक पोर आठ दिवस आली नाही, तेव्हा आई थेट वावरात गेली. बाप म्हणाला, “मॅडम, माणसं भेटत नाई. पोरगी वेचाले नाई आली त कापूस कोन वेचन?”

आईनं देसायांसारखं झापलं नाही. एवढं वजन आहे कुणाचं? ती बांधावर बसली आणि सौदा केला. सकाळी दहापर्यंत वेचा, मग शाळा, रविवार पूर्ण तुमचा. मी फोनवर भडकले. बारा वर्षांच्या मुलीच्या मजुरीवर कसला सौदा करतेस? आई म्हणाली, “तू पुण्यात बसून बरोबर बोलतेस. पन मले ती उद्या वर्गात पाह्यजे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलगी येतेय, बहुतेक दिवस. केसात सरकीचा कापूस असतो म्हणे, आणि मराठीच्या तासाला मागच्या बाकावरून पुढं सरकलीय.