सासूबाईंच्या ट्रंकेतली तिकिटं

एका वाचक भगिनीनं विचारलंय, "मुलगा सातवीत आहे. त्याला बौद्ध वारसास्थळांवर शाळेचा प्रकल्प करायचाय. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या माहेरची १९५० ते ५६ सालातली पत्रं आहेत. पाकिटांवर बोधिसत्त्वाची, बुद्धजयंतीची तिकिटं दिसली. ती न फाटता कशी सोडवायची?"

सोडवायची रीत अगदी सोपी. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून तुकडा कापायचा, ताटलीतल्या कोमट पाण्यात चित्राची बाजू वर करून तरंगत ठेवायचा. पंधरा-वीस मिनिटांत गोंद सुटतो. मग तिकीट चिमट्यानं अलगद उचलून टिपकागदावर पालथं घालायचं आणि वाळत आलं की जड पुस्तकाखाली ठेवायचं. उन्हात मात्र नको, रंग उडतो.

पण ही रीत हल्ली घरी येणाऱ्या पाकिटांसाठी हं! ट्रंकेतल्या पत्रांना कात्री लावू नका.

एक तर जुन्या तिकिटाची खरी ओळख त्यावरच्या शिक्क्यात असते. कुठल्या गावाहून, कुठल्या तारखेला पत्र निघालं, ते अख्ख्या पाकिटावरच कळतं. म्हणून जाणते संग्राहकही अशी पाकिटं अखंड ठेवतात. शिवाय जुनी शाई पाण्यात पसरते. मागे आजोबांनी लिहिलेली ओळ असेल, तर ती गेलीच.

दुसरं कारण याहून मोठं. ही पत्रं तुमची नाहीत, मुलाचीही नाहीत, ती सासूबाईंची आहेत. त्या काळी सासरी आलेल्या मुलीला माहेर भेटायचं ते पोस्टमनच्या हातून. घरात टेलिफोन क्वचितच. सत्तर वर्षं ज्यांनी ती गाठोड्यात जपली, त्यांना आधी विचारायला नको का? मुलालाच पाठवा. "आजी, पाहू का?" एवढंच त्यानं म्हणावं. त्या 'नको' म्हणाल्या, तर तो विषय तिथंच संपला. 'हो' म्हणाल्या, तर पाकिटाच्या दर्शनी बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या आणि तो प्रकल्पाच्या वहीत चिकटवा. आतला मजकूर वाचायचा की नाही, हे त्याच ठरवतील.

आता मुलाला लिहायला थोडी माहिती. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारतानं प्राचीन वास्तू आणि शिल्पांची सोळा तिकिटांची मालिका काढली. ती रोजच्या टपालासाठी होती. तिच्यात तीन पैंच्या तिकिटावर अजिंठ्याचं शिल्प, एका आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व, तीन आण्यांच्या तिकिटावर सांचीच्या स्तूपाचं तोरण आणि साडेतीन आण्यांच्या तिकिटावर बोधगयेचं मंदिर होतं. छपाई झाली आपल्या नाशिकच्या छापखान्यात. यातल्या बोधिसत्त्वाचं चित्र उलटं छापलं गेलं, आरशात दिसावं तसं. १९५० साली ते सुधारून पुन्हा काढलं. तेव्हा आजींच्या पाकिटावर बोधिसत्त्वाचा डावा हात पसरलेला आहे की उजवा, ते मुलाला नीट बघायला सांगा. डावा असेल तर ते पहिलं, उजवा असेल तर सुधारलेलं.

बुद्धजयंतीची तिकिटं २४ मे १९५६ ची. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून दोन आण्यांचं आणि चौदा आण्यांचं अशी दोन निघाली. दोन्हींवर बोधिवृक्ष आहे.

पुढच्या काळात परदेशांबरोबर जोडीनंही तिकिटं निघाली. २००८ साली चीनबरोबर काढलेल्या जोडीत आपलं बोधगयेचं महाबोधी मंदिर आणि तिकडच्या लोयांग शहरातलं श्वेताश्व मंदिर आहे. २०१८ च्या जानेवारीत व्हिएतनामबरोबर निघालेल्या जोडीत सांचीचा स्तूप आणि तिथला फो मिन्ह पॅगोडा आहे. ही तिकिटं जुनी तिकिटं विकणाऱ्यांकडे विचारून पाहा. नवी निघतात ती मोठ्या शहरांतल्या मुख्य टपाल कचेरीत, संग्राहकांच्या खिडकीवर, छापील किमतीला मिळतात. मुलाची हौस तिथं भागवा.

जुन्या तिकिटांचे हजारो रुपये येतील, अशी आशा मात्र धरू नका. एक-दोन आण्यांची तिकिटं त्या काळी भरपूर छापली जात, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत.

पत्रं ठेवताना एवढं करा. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका. टाचणी गंजते, रबर चिकटतं. सेलोटेप लावू नका, डाग पडतो. पाकिटं आडवी ठेवून मध्ये कोरा पांढरा कागद घाला आणि गठ्ठा धुतलेल्या सुती कापडात बांधा. डांबरगोळ्या पुरचुंडीत घालून कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. ट्रंक भिंतीला टेकवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या. पावसाळा सरला की गठ्ठा सोडून सावलीत वारा द्या. आणि किल्ली सासूबाईंकडेच राहू द्या.