काय आले आणि काय गेले

शासकीय नोंदवही मुलाला काय येते, हे विचारते. जे येत होते त्यातले काय गेले, हे विचारण्याची सवय आपल्या व्यवस्थेला फारशी नाही. या उणिवेची किंमत रेट सिंड्रोमच्या लक्षणांवरून कळते.

व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकातील बदल हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. सुमारे १०,००० मुलींमागे एकीला तो होतो. मुलग्यांत तो अत्यंत विरळा. मूल जन्मतः निरोगी दिसते. साधारण ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान विकास मंदावतो आणि पुढे आलेले शब्द मावळतात. खेळणे धरणारे हात ते धरीनासे होतात आणि धुतल्यासारखी वा पिळल्यासारखी हालचाल करीत राहतात. चाल डळमळते. पुष्कळ मुलींत पुढे आकडी, श्वासाची अनियमितता व पाठीचा बाक दिसतो. नजरेने संवाद साधण्याची ओढ मात्र बहुधा टिकून असते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. योजना स्तुत्य आहे. तिच्या चार गटांपैकी एकाचे नाव ‘विकासातील विलंब’ असे आहे; पण विलंब आणि ऱ्हास या भिन्न गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका दिवसाचा साठा मोजून प्रवाहाची दिशा कळत नाही. दोन वर्षांची मुलगी बोलत नाही, एवढ्याच नोंदीवर ‘काही मुले उशिरा बोलतात’ असा दिलासा देता येतो. ती वर्षाची असताना ‘आई’ म्हणत होती, हे मागच्या पानावर असेल तर तो देता येत नाही.

बदलीच्या नोकरीत परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे नेमके हे मागचे पानच हरवते. डॉक्टर बदलतो, भाषा बदलते. ‘पूर्वी बोलत होती हो’ हे आईचे सांगणे तेवढे उरते, आणि ते मायेपोटीची अतिशयोक्ती ठरते. घरात दोषही तिच्याच माथी येतो. वस्तुतः हा जनुकीय बदल जवळजवळ नेहमी नव्याने घडलेला असतो, आनुवंशिक नसतो.

हा विकार आज पूर्ण बरा होत नाही. परंतु आकडीवर औषध, सांध्यांसाठी व्यायाम आणि नजरेने संवादाचे साधन वेळेवर मिळाले, तर जगणे पुष्कळ सुसह्य होते.

म्हणून प्रत्येक तपासणीत एक प्रश्न सक्तीचा असावा: पूर्वी येणारे काही आता येईनासे झाले आहे का? उत्तर ‘होय’ असल्यास, वय कोणतेही असो, मुलाला विनाविलंब जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. यास नवे खाते लागत नाही. आईचे म्हणणे पुरावा म्हणून लिहून घेण्याची तयारी तेवढी लागते.