अप्रेझल आणि एक लाखाचा चरखा

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसचा लॅपटॉप घेऊन कुणी घरी जातं का? मी गेलो, वर्ध्याला. टीममधल्या सातजणांचं रेटिंग भरायचं होतं. सहाजणांचं झालं, अडलं ते सातवीपाशी. तिची व्हेलॉसिटी, म्हणजे दर स्प्रिंटमधले स्टोरी पॉइंट्स, सगळ्यांत कमी. गेल्या वर्षी याच आकड्यावरून मी तिला खालचं रेटिंग दिलं होतं. ती काही बोलली नाही. यंदा मात्र ती बाहेर इंटरव्ह्यू देतेय, अशी कुणकुण होती.

वैतागून बाबांबरोबर मगन संग्रहालयात गेलो. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथले चरखे बघताना बाबांनी एक भन्नाट किस्सा सांगितला. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी चक्क एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी ऐका: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत १६,००० यार्ड सूत, टिकाऊपणा २० वर्षं. डेडलाइन ऑक्टोबर १९३०. स्कोप, कॉस्ट, टाइम... पारंपरिक प्रोजेक्ट मॅनेजमेंटच की हे! बक्षीस कुणालाच मिळालं नाही. त्याच सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी रोज कातत होते आणि अडेल तिथं चरखा सुधारत होते. त्यातून पेटीत मावणारा येरवडा चरखा आला.

"म्हणजे अजाइल जिंकलं!" मी खूश.

"थांब ना बाबू. अजून एक अट होती. बाईले तो आठ तास जास्त न थकता चालवता आला पाहिजे."

मग मी त्यांना सातवीचं सांगितलं. तिचा अर्धा दिवस इतरांचे बग सोडवण्यात जातो, तेही सांगितलं.

बाबा हसले. "शाळेत आम्ही टकळीवर कातायचो. ६४० तारांची एक गुंडी. जो बाजूच्याचं तुटलेलं सूत जोडून द्यायचा, त्याचे तार कमीच भरायचे. अन् तू तेच मोजून राहिला!"

खरं तर व्हेलॉसिटी असते ती पुढच्या स्प्रिंटमध्ये टीमला किती काम झेपेल याचा अंदाज बांधायला. माणसं तोलायला नाही. ट्रेनिंगमध्ये हे मीच सगळ्यांना शिकवतो, बोला!

रात्री शीटमधून तो कॉलम उडवला आणि उरलेल्या सहाजणांना एकच प्रश्न पाठवला: अडल्यावर कुणाकडे जाता? पाचजणांचं उत्तर एकच आलं.

रेटिंग बदललंय. एचआरचा होकार अजून यायचाय. पण गेल्या वर्षीचं 'सॉरी' म्हणायला होकार कशाला हवा? तो फोन मी वर्ध्याहूनच केला.