घाई आणि सबुरी, एकाच दारात

आकाशातून उडी घेणाऱ्या माणसाचे जे वर्णन आपल्या वृत्तपत्रांतून येते, त्यात धाडस, काळीज आणि मृत्यूला दिलेले आव्हान यांचा उल्लेख सहसा चुकत नाही; परंतु ज्या विमानातून त्याने उडी घेतली त्यात आणखी किती माणसे होती, दारापाशी पहिला कोण गेला, दुसरा किती सेकंद थांबला आणि हा क्रम कोणी व कशाच्या आधारे मुकर्रर केला, याविषयी त्या वर्णनात एक अक्षरही आढळत नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, पुढे दक्षिण ध्रुवही गाठला आणि २०११ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली; हे कौतुक यथायोग्यच होते. तथापि एकट्या व्यक्तीच्या पराक्रमावर खिळून राहण्याची जी सवय आपल्या नजरेला जडली आहे, तिच्यामुळे स्कायडायव्हिंगचे मर्म आपल्या हाती लागत नाही. या खेळाची, आणि हा खेळ चालवणाऱ्यांची, परीक्षा करावयाची असेल तर ती विमानाच्या दारापाशी, अनेकांनी मिळून बाहेर पडण्याच्या रीतीवरून करावी, असे माझे मत आहे.

साधारणतः १३,००० फुटांवर विमान पोचले की उड्या सुरू होतात. पोट जमिनीकडे करून आडवा पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या आसपासचा वेग गाठतो आणि मग देहाचे वजन व हवेचा विरोध यांचा तोल साधला जाऊन त्याच वेगाने उतरत राहतो. डोके खाली करून उभा पडणारा मात्र ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने जातो. छत्री उघडण्यापूर्वी पहिल्याच्या पदरात जेमतेम एक मिनिट पडते, दुसऱ्याच्या पदरात पाऊण मिनिट. एकाच विमानातून आडवे पडणारे, उभे पडणारे, नवशिके विद्यार्थी आणि टँडम पद्धतीने, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलेले हौशी प्रवासी असे नाना तऱ्हांचे लोक पाठोपाठ बाहेर पडत असताना एका गटाने दुसऱ्याच्या माथ्यावर येता कामा नये, हे तर उघडच आहे. कारण नुकत्याच उघडलेल्या छत्रीवर वरून तशा वेगाने येणारा देह आदळला, तर दोघांपैकी कोणाच्याही प्राणांची हमी देता येत नाही.

मग आधी कोणी जावे? प्रथमदर्शनी कोणीही सांगेल की जलद पडणाऱ्यांना आधी सोडावे, म्हणजे ते मागून येऊन कोणाला गाठणार नाहीत. हे उत्तर तर्काला पटणारे असले तरी त्यात वाऱ्याचा विचार नाही. उडीच्या वेळी विमान सामान्यतः वाऱ्याकडे तोंड करून चालवतात आणि बाहेर पडलेला माणूस वाऱ्याबरोबर मागे वाहत जातो. जो अधिक काळ पडतो तो अधिक मागे जातो. वरपासून खालपर्यंत सरासरी ३० नॉटचा वारा धरला, तर मिनिटभर पडणारा सुमारे ९२५ मीटर मागे सरकेल आणि पाऊण मिनिट पडणारा सुमारे ७००. म्हणजे सावकाश पडणारे आधी गेले, तर ही सव्वादोनशे मीटरची तफावत दोन गटांमधील अंतरात जमा होते. ते नंतर गेले, तर तीच तफावत त्या अंतरातून वजा होते, आणि उशिरा निघालेला गट वाहत वाहत आधीच्या गटाच्या छत्र्यांवर येऊन ठेपतो. म्हणून आडवे पडणाऱ्यांचे मोठे गट पहिले, मग त्यांचे लहान गट, त्यानंतर उभे पडणारे, त्यांच्या मागून उंचावरच छत्री उघडणारे विद्यार्थी व टँडमचे प्रवासी, आणि पंखासारखा झगा घालून लांबवर तरंगत जाणारे विंगसूटवाले सर्वांच्या शेवटी, असा शिरस्ता बहुतेक ठिकाणी पडला आहे. या क्रमात ज्येष्ठतेला, शुल्काला किंवा वशिल्याला स्थान नाही. पाच हजार उड्या खात्यावर असलेला माणूस उभा पडणार असेल, तर तो पन्नास उड्यांच्या आडव्या गटामागे मुकाट्याने बसतो.

क्रमानंतर अवधीचा प्रश्न येतो. पूर्वी असा एक ठोकताळा प्रचलित होता की, आधीचा गट दारातून पाहता ४५ अंशांच्या कोनात दिसू लागला म्हणजे पुढच्याने निघावे. डोळ्यांना सोयीचा असल्यामुळे तो दीर्घकाळ टिकला. पण विमान आणि पडणारी माणसे एकाच वाहत्या हवेत असल्याकारणाने वारा मंद असो की प्रचंड, तो कोन जवळपास सारखाच दिसतो, आणि ज्या वाऱ्यासाठी थांबावयाचे त्याच वाऱ्याची वार्ता त्या कोनाला नसते, हे गणिताने दाखवून दिल्यावर जाणत्यांनी तो ठोकताळा टाकून दिला. आता विमानाची जमिनीच्या तुलनेतील गती विचारतात. समोरून फारसा वारा नसताना विमान ९० नॉटने पुढे सरकत असेल, तर दोन गटांत हजार फुटांचे अंतर पडण्यास साडेसहा सेकंद पुरतात. वारा जोराचा असून ती गती ५० नॉटवर उतरली असेल, तर त्याच अंतरासाठी बारा सेकंद लागतात. इंजिनाच्या घरघरीत, उघड्या दारातून येणाऱ्या थंडगार झोताला तोंड देत, मागे डझनभर माणसे ताटकळत असताना बारा सेकंद मोजीत स्तब्ध उभे राहणे म्हणजे काय, हे एसटी थांबण्यापूर्वीच पायरीवर उतरणाऱ्या आपल्या समाजाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या खेळाची खरी मौज मात्र पुढेच आहे. दोन गटांच्या दरम्यान जी सबुरी हवी, नेमकी तिच्या उलट गोष्ट एका गटाच्या आत हवी असते. आठ जणांना हवेत एकमेकांचे हात धरून आकृती करावयाची असेल, तर त्यांनी जणू एकदेह होऊन बाहेर पडले पाहिजे. कारण पूर्ण वेगात असताना दोन सेकंदांचा विलंब म्हणजे शंभर मीटरांहून अधिक अंतर, आणि ते तोडण्यात हाती असलेल्या मिनिटाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. म्हणून काही जण, ज्यांना फ्लोटर म्हणतात, दाराबाहेरील दांडीला धरून आणि पावले चौकटीच्या कडेला टेकवून विमानाच्या अंगाला लटकतात. ज्याच्याभोवती आकृती बांधावयाची तो बेस दारातच उभा राहतो. आणि उरलेले डायव्हर त्याच्या पाठीशी इतके दाटीने उभे असतात की एकाची छाती दुसऱ्याच्या पाठीवरील पॅराशूटला भिडते. वाऱ्याच्या गर्जनेत तोंडचा शब्द ऐकू येत नाही; त्यामुळे आज्ञा शरीराने द्यावी लागते. दारातला माणूस एकदा वर उचलल्यासारखा होतो, एकदा खाली बसल्यासारखा होतो आणि तिसऱ्या ठेक्याला सगळे बाहेर. त्या क्षणी वारा खालून येत नसतो. विमानाची गती अंगात असल्यामुळे तो समोरून, नाकाच्या दिशेने येतो, आणि छाती जमिनीकडे न करता त्या वाऱ्याकडे केली तरच गट स्थिर राहतो. नवख्या माणसाची सारी वृत्ती खाली पाहण्याची असते. ती मोडून त्याला समोर पाहावयास लावणे, हेच गुरूचे अर्धे काम.

हे सारे आधी जमिनीवर घडवून घेतात. विमानाच्या दाराची लाकडी किंवा लोखंडी प्रतिकृती उभारलेली असते, तीत उभे राहून तोच ठेका आणि तीच पकड पुन्हा पुन्हा घोटली जाते, आणि मग चाकांच्या फळ्यांवर पालथे पडून हवेतील आकृत्यांची उजळणी होते. चौघांच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीला अवघी ३५ सेकंदे मोजली जातात. त्यांच्यासाठी चाललेली ही तालीम कित्येक तासांची असते. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधील उदोन थानी येथे ४०० जणांनी हवेत एकच आकृती जुळवली. थाई हवाई दलाच्या पाच हर्क्युलस विमानांनी त्यांना सुमारे २५,००० फुटांवर नेले होते, तेथे नाकाला प्राणवायू लावावा लागत होता, आणि इतक्या खटाटोपाअंती ती आकृती टिकली अवघी सव्वाचार सेकंद! त्या सव्वाचार सेकंदांचे श्रेय चारशे जणांच्या छातीला द्यावे की कोणत्या विमानातून कोण, कितव्या क्रमाने निघणार, हे आधी ठरवून देणाऱ्या आयोजकांच्या कागदाला द्यावे, असे मला कोणी विचारले तर मी निःसंकोचपणे कागदाची बाजू घेईन.

येथे लष्करी उडीशी तुलना उद्बोधक ठरावी. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ पुंगली पुलाच्या रोखाने भारतीय पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण उतरली. मराठा लाइट इन्फंट्रीशी नाते सांगणारी ही पलटण महाराष्ट्राला परकी नाही. लष्करात जवानामागून जवान शक्य तितक्या कमी अवधीने बाहेर पडतो, कारण तुकडीने जमिनीवर जवळजवळ उतरून लगोलग लढावयास उभे राहणे हा तेथील हेतू असतो. त्याची छत्री विमानातील तारेला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते आणि क्रम हुकमाने चालतो. खेळात हुकूम देणारा सुभेदार नसतो. वैमानिकाने लावलेला हिरवा दिवा ही केवळ मुभा असते. खाली ढग आहे काय, दुसरे विमान आहे काय, आपण मैदानाच्या माथ्यावर आलो आहोत काय, हे दारातील माणसाने स्वतः पाहावयाचे असते, आणि मन साशंक असेल तर उडी तहकूब करून विमानातूनच परत येण्यात कसलीही नामुष्की मानली जात नाही. एकमेकांवर कसलाही अधिकार न चालवणारी, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून आलेली माणसे स्वखुशीने ही शिस्त पाळतात, हीच मला यातील सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते.

ही शिस्त असूनही प्रमाद घडतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सुपीरियर या गावावरून दोन लहान विमाने एकामागे एक चालली असता, पुढच्या विमानातील मंडळी उडीसाठी बाहेर येत असतानाच मागचे विमान त्यावर येऊन आदळले. नऊ उडी घेणारे आणि दोन वैमानिक असे अकराही जण वाचले, हे दैव म्हणावयाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील टली येथे सोळा जणांच्या आकृतीसाठी १५,००० फुटांवर पहिला माणूस दाराबाहेर येत होता, तोच त्याच्या राखीव छत्रीची मूठ विमानाच्या पंखाच्या झडपेत अडकली, छत्री उघडली, शेपटीला गुंडाळली गेली आणि तो विमानाखाली लोंबकळू लागला. जवळच्या लहानशा आकडीच्या सुरीने त्याने एकेक दोरी कापली आणि मुख्य छत्रीवर तो किरकोळ जखमांनिशी खाली आला. मूठ अंगाशी झाकून ठेवणे आणि सुरी जवळ बाळगणे, या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींपैकी एकीच्या चुकीने तो मरणाच्या दारात गेला आणि दुसरीच्या तयारीने तो परत आला.

यावर कोणी म्हणेल की, इतका हिशेब मांडल्यावर साहसात उरले काय? उरते ते बरेच. दाराबाहेरचे मिनिट निर्वेध असावे म्हणूनच दाराच्या आतला हिशेब असतो. मला दुसरी शंका अधिक गंभीर वाटते, आणि ती पैशाची आहे. सहा गटांत पाच अंतरे; प्रत्येकी हजार फूट धरले तरी पहिल्या गटापासून शेवटच्यापर्यंत दीड किलोमीटरची रांग पडते, आणि शेवटचे लोक मैदानापासून दूर, कोणाच्या तरी शेतात उतरण्याचा संभव निर्माण होतो. यावर विमान वळवून दुसरी फेरी मारणे हा सरळ उपाय आहे. पण त्यात इंधन जळते, वेळ जातो आणि दिवसाकाठी एखादे उड्डाण कमी होते. मग अवधी थोडा आखडता घेण्याचा मोह कोणाला ना कोणाला होतोच: मागच्यांना दूर उतरावयाचे नसते, मालकाला दुसरी फेरी नको असते, आणि बारा सेकंदांची आठ झाल्याचे त्या घरघरीत कोणाच्या लक्षातही येत नाही. शिस्तीचा ऱ्हास भीतीपोटी क्वचित होतो. तो असा काटकसरीपोटी, सर्वांच्या मूक संमतीने होतो.

आपल्या देशातही टँडम उडीचा व्यवसाय आता रुजतो आहे, आणि महाराष्ट्रातून त्यासाठी बाहेरगावी वा परदेशी जाणाऱ्या तरुणांना तो आकर्षित करतो आहे. जाहिरातीत त्यांना धाडसाचे आमंत्रण असते, आणि आम्ही वृत्तपत्रवाले त्या आमंत्रणावर कौतुकाची मोहर उठवतो. परिणामी गिऱ्हाईक छायाचित्र कसे निघेल हे विचारते आणि पैसे भरते. त्याने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. आज वरती वारा किती आहे, माझ्या आधी विमानातून कोण जाणार आहे, त्यांच्यानंतर आपण किती सेकंद थांबणार आहोत, आणि मैदान मागे पडले तर विमान पुन्हा फेरी मारणार आहे की नाही? या प्रश्नांना जेथे तत्काळ, आकड्यांनिशी आणि न चिडता उत्तर मिळेल, तेथे खुशाल उडी घ्यावी. जेथे उत्तरादाखल पाठीवर थाप मारून घाबरू नका एवढेच सांगण्यात येईल, तेथून भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, पण परत फिरावे.