तांबड्या पट्ट्यातील पाण्याचा हिशेब

हापशाचे पाणी संध्याकाळी हंड्यात नितळ दिसते आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो, हे आमच्या अनेक माता-भगिनींनी पाहिले असेल. कोणी म्हणते, पाणी बाधले. कोणी म्हणते, जागाच वाईट. तसे काही नाही. पाण्यात विरघळलेल्या लोहाला हवा लागली, ते गंजले आणि खाली बसले.

हेच आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात फार पूर्वी मोठ्या प्रमाणावर घडले. अकोले तालुक्यातील डोंगरकडे निरखून पाहा. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमधल्या काळात पावसाने खडक झिजवला, त्यातला चुना व क्षार वाहून नेले. लोह मागे राहिले, गंजून तांबडे झाले. पुढच्या लाव्ह्याने ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजली. म्हणजे तो पट्टा ही एके काळची जमीनच होय. उलट जिथे पाणी तुंबून हवा पोचत नाही, तिथे माती करडी, हिरवट होते; अधूनमधून हवा लागली तर पिवळे-तांबडे ठिपके पडतात. पाणी निचरले की तुंबले, याची नोंद रंगात राहते.

तांबड्या थरातून पाणी सहज झिरपत नाही. कित्येकदा ते त्यावर अडते आणि उतारावर झरा होऊन निघते. विहिरी खणताना हे थर आपल्या वाडवडिलांनी जवळून पाहिले; पण खणलेल्या विहिरीवर पाणी भरायची त्यांनाच बंदी! म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

आज तो हक्क कायद्याने मिळाला आहे. तरीही बोअर घेताना आपली माणसे पाणाड्याच्या नारळावर विसंबतात. बोअर कोरडी गेली की कर्ज तेवढे उरते. नारळाला जमिनीखालचे दिसत नाही. शेजारच्या विहिरींत कोणता थर किती फुटांवर लागला, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना दाखवा. हमी तेही देणार नाहीत, पण सांगतील ते कारण देऊन सांगतील. कारणावाचून काही घडत नाही, हीच तथागतांची शिकवण आहे. ती वंदनेपुरती न ठेवता बोअरच्या जागेवरही वापरू या.

जय भीम!