साहेबांची मर्जी आणि बदलापूरची गाडी

मार्च महिना हा आमच्या नोकरवर्गाच्या आयुष्यात मोठा चमत्कारिक महिना असतो. ३१ तारखेला सरकारी वर्ष संपते आणि वर्षभराच्या कामाचा निवाडा कागदावर उतरण्याची वेळ येते. अकरा महिने ज्याने फायलींकडे ढुंकून पाहिलेले नसते, तो ह्या दिवसांत साहेबांच्या खोलीभोवती घुटमळू लागतो, त्यांच्या चिरंजीवांच्या परीक्षेची आस्थेने चौकशी करतो आणि त्यांच्या विनोदाला सर्वांच्या आधी हसतो. आणि ज्याने बाराही महिने मान मोडून काम केले, तो सहा वाजताच रिकामा डबा पिशवीत टाकून स्टेशनाकडे धावत सुटतो. कारण त्याला बदलापूर गाठायचे असते. यथावकाश बढत्यांची यादी लागते. तीत ह्या दोघांपैकी कोणाचे नाव असते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास हवे काय?

कचेरीतले राजकारण कचेरीच्या वेळेत होत नाही. ते सहानंतर होते. शिपाई दिवे मालवू लागला, की मग चहा मागवला जातो, कोणाची बदली कोठे व्हावी ह्याच्या गोष्टी निघतात आणि रजेवर असलेल्याच्या कामातल्या चुका सहज म्हणून साहेबांच्या कानांवर घातल्या जातात. दादर-माटुंग्याला राहणाऱ्याला हे परवडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. मुंबईत जागा परवडेना म्हणून रुळांच्या कडेने सरकत सरकत कल्याणच्या पुढे आलेल्या मनुष्याचे रोजचे तीन तास गाडी खाते. उल्हासनगरचा किंवा अंबरनाथचा नोकरदार बदलापूरकराहून चार घटका सुखी, इतकेच. घरी जाऊन चूल पेटवायची असते अशा बाईमाणसाची तर गोष्टच नको. तिने दिवसभरात दोघांचे काम उरकले, तरी ‘बाई वेळ झाली की निघतात’ एवढाच तिचा लौकिक. जो थांबतो तो कष्टाळू आणि जो गाडी पकडतो तो कामचुकार, असा उफराटा न्याय आमच्या कचेऱ्यांनी रूढ केला आहे. थांबणारा थांबून काय करतो, हे कोणी विचारीत नाही.

ह्यावर खुशामतखोरांना चार शिव्या हासडून मोकळे होणे सोपे आहे. पण आमच्या मते दोष केवळ माणसांच्या स्वभावात नाही. ज्या कामाचे माप घेता येत नाही, तेथे मापाची जागा मर्जी घेते.

हे पाहण्यासाठी लांब जावयास नको. अंबरनाथची आयुध निर्माणी आणि तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे दोन्ही कारखाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभे राहिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन शेजारी दोन निरनिराळ्या कंपन्यांत गेले. तेथे टर्नरला वा फिटरला वरच्या श्रेणीत जावयाचे, तर ट्रेड टेस्ट द्यावी लागते. हातात नकाशा आणि धातूचा तुकडा मिळतो. तयार झालेला नग मापात बसतो किंवा बसत नाही. परीक्षकही माणूसच असतो, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु मायक्रोमीटरची खुशामत करता येत नाही. उलट उल्हासनगरच्या शिवणाच्या कारखान्यांत नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या कामाची मोजदाद चोख होते, पण त्याला चढायला शिडीच नसते. मालकाच्या गादीवर मालकाचा मुलगा बसतो. शिडी आहे आणि माप नाही, अशी जागा एकच. ती म्हणजे आमची कचेरी.

तेथे वर्षानुवर्षे गोपनीय अहवालाचे राज्य चालले. बंद पाकिटातल्या एका शेऱ्याने मनुष्याचे काय होते, हे सीमा सडक संघटनेतील कार्यकारी अभियंता देव दत्त ह्यांच्या प्रकरणाने सर्व देशाला दाखविले. १९९४ साली बढतीसाठी समिती बसली. बढतीला ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक; त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात ‘चांगला’ असे लिहिलेले. ‘चांगला’ ह्या शब्दाने ह्या गृहस्थांचा घात केला आणि तो शब्द त्यांना कोणी दाखविलाही नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. न्याय मिळाला खरा; पण तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला. आमच्या राज्य सरकारी कचेऱ्यांतही आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. नाव बदलले हे ठीकच. परंतु २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीलाही ‘अतिशय चांगला’ हीच अट लागू झाली आहे. म्हणजे साहेबांच्या लेखणीतल्या त्या एका विशेषणाचे वजन कमी न होता वाढलेच आहे!

येथे आमच्या कष्टाळू मित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ह्या अहवालात आपण वर्षभरात काय केले, हे स्वतः लिहिण्याची सोय असते. खुशामतखोर तेथे पानभर मजकूर लिहितो. आमचा बदलापूरकर लिहितो, ‘नेमून दिलेली कामे पार पाडली’. आपले काम आपण सांगणे त्याला हलकेपणाचे वाटते. हा विनय आहे की आळस, ह्याचा त्याने गाडीतल्या तीन तासांत विचार करावा. किती प्रकरणे निकालात काढली, कोणती थकबाकी वसूल झाली, कोणाचा रखडलेला निवृत्तिवेतनाचा कागद मार्गी लावला, हे तारखांसह लिहून ठेवणाऱ्याचा शेरा खाली आणताना साहेबांचाही हात अडखळतो.

‘मग ज्येष्ठतेनेच बढती द्या’, असे पुष्कळजण म्हणतात. आम्हांला हे समजते. ज्येष्ठतेचा आग्रह आळशी मनुष्यच धरतो असे नाही. साहेबांवर विश्वास उरला नाही की शहाणा मनुष्यही तो धरतो. पण त्यात तरुणांची उमेद मारली जाते आणि सेवानिवृत्तीपूर्वी दोन वर्षांची खुर्ची एवढेच बढतीचे स्वरूप उरते.

आमची मागणी ह्याहून साधी आहे. ज्याला डावलले त्याला, त्याच्याऐवजी दुसऱ्याची निवड का झाली, हे समितीने दोन ओळींत लेखी कळवावे. नुसता शेरा दाखवू नये, त्याचे कारण दाखवावे. ज्या खाजगी कंपन्यांत ‘वरून आले आहे’ एवढेच उत्तर मिळते, त्यांच्या मालकांनीही हे करून पाहावे. त्याला पैसा लागत नाही. आणि साहेबमंडळींनी सहा वाजल्यानंतरचा चहा बंद करावा. बढतीच्या गोष्टी दुपारी बारा वाजता, सर्वजण जागेवर असताना होऊ द्याव्यात.

यंदाचे अहवाल अद्याप लिहून व्हायचे आहेत.