पाना एकाच्या हाती, पुस्तक दुसऱ्याच्या

देशातील राज्यकर्त्यांना ठरावीक काळाने श्रमप्रतिष्ठेची आठवण होत असते. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभवाचा आणि व्यवसाय शिक्षणाचा पुरस्कार केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक टप्प्यावरील दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवण्याचे अभिवचन दिले. ते पाळता येईना, तेव्हा १९९२ साली मुदतच पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलण्यात आली. २०२० च्या धोरणाने तर २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची निदान ओळख करून देण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्याच धोरणात दिलेली कबुली मात्र बोलकी आहे : १९ ते २४ वयोगटातील श्रमशक्तीपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के! अर्धशतकाच्या घोषणांचे हे फलित आहे.

मोटारदुरुस्तीचा विषय या धोरणाच्या परीक्षेसाठी अगदी योग्य आहे. महाराष्ट्रात पूर्वी बारावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमांत तो होता. पुढे राष्ट्रीय कौशल्य चौकटीखाली तो नववी-दहावीपर्यंत खाली आला. परंतु रस्त्यावरील दुचाकी आणि रिक्षा आजवर चालू ठेवल्या त्या प्रामुख्याने या वर्गांनी नव्हेत, तर ज्यांना शाळेने सातवी-आठवीतच वाऱ्यावर सोडले त्या गरीब मुस्लिम, दलित आणि बहुजन घरांतील मुलांनी. उस्तादाच्या शिव्या खात, पाने पुसत, ग्रीसने हात बरबटवत ती शिकली. त्यांच्या कौशल्यावर समाज जगतो. प्रमाणपत्र नाही म्हणून तोच समाज त्यांना ‘अकुशल’ ठरवतो.

व्यवसाय शिक्षण म्हणजे बहुजनांच्या मुलांना महाविद्यालयाच्या दारातून परत पाठवण्याचा डाव आहे, असा आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो. तो निराधार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधर्मी शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज सरकारने ती योजना मोडीत काढली. तीच वृत्ती २०१६ च्या बालकामगार कायद्याच्या दुरुस्तीतही डोकावते. शाळेनंतरच्या वेळात कौटुंबिक उद्योगात मुलांना राबवण्याची वाट तिने मोकळी ठेवली.

परंतु या इतिहासावरून हाताचे शिक्षणच त्याज्य ठरवणे म्हणजे शत्रूचाच सिद्धान्त मान्य करणे होय. हात खालचा आणि डोके वरचे, ही मनूची शिकवण आहे, श्रमिकांची नव्हे. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजणारा मुलगा गणितच करीत असतो. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने पंधरा भागांच्या आसपास हवा का लागते, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. सेन्सरची तार कुठे तुटली हे शोधताना ओहमचा नियम कामी येतो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान मागितले, ते शूद्रातिशूद्रांना शेतावरच जखडून ठेवण्यासाठी नव्हे. जगण्याच्या कामाला विद्येचा दर्जा मिळावा, हा त्या मागणीचा अर्थ आहे.

खरा दोष आहे तो सरकार हे शिक्षण ज्या रीतीने देते त्यात. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत व्यवसाय विषयांचे शिक्षक खाजगी प्रशिक्षण संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. ज्याला स्वतःच्या पुढील वर्षाच्या नोकरीची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्यांना आयुष्याचा व्यवसाय शिकवावा, अशी ही अजब व्यवस्था आहे! इंजिन फळ्यावर खडूने काढून शिकता येत नाही. ते उघडावे लागते, बिघडवावे लागते आणि पुन्हा जुळवावे लागते. त्यासाठी कार्यशाळा, हत्यारे, जुनी-नवी वाहने आणि पुरेसे तास लागतात. ‘ओळख’ करून दिल्याने कारागीर घडत नाही.

दुसरे कुलूप मोटार कंपन्यांचे आहे. एप्रिल २०२० पासून भारत-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली, नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा आला. कान लावून दोष ओळखणारा उस्ताद आता स्कॅनरविना अपुरा पडतो. स्कॅनरची पूर्ण विद्या, दुरुस्तीपुस्तिका आणि सुटे भाग मात्र कंपन्या आपल्या अधिकृत केंद्रांपुरते राखू पाहतात. याच कारणासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिलांची वाट धरली. ज्ञानावर मक्तेदारी आणि शाळेत कौशल्याचा जयघोष, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ज्या पुस्तिका गॅरेजला मिळत नाहीत, त्या शाळेला कुठून मिळणार?

तिसरी गोष्ट मजुरीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमानुसार उमेदवार हा ‘कामगार’ नसून ‘प्रशिक्षणार्थी’ आहे. म्हणजे काम करायचे कामगाराइतके, पण कामगार कायद्यांचे संरक्षण मागायचे नाही. शाळेतील व्यवसाय वर्ग या स्वस्त मनुष्यबळाच्या पुरवठ्याची पहिली पायरी ठरणार असेल, तर त्याला शिक्षण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

म्हणून व्यवसाय शिक्षण ‘हवे की नको’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कोणाला आणि कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे. ते केवळ नापास होणाऱ्यांसाठी नको. डॉक्टरच्या मुलीच्या हातीही पाना यावा आणि मेकॅनिकच्या मुलासाठी पदविकेची व पदवीची वाट खुली राहावी. शिक्षक कायम नेमणुकीचे असावेत. पदरी कागद नसलेल्या उस्तादाचे कौशल्य तपासून त्याला मान्यता द्यावी आणि शाळेत मानधनावर शिकवण्यास बोलवावे. दुरुस्तीची माहिती मराठीत आणि सर्वांना खुली करण्याची सक्ती कंपन्यांवर व्हावी. उमेदवाराला कामगाराचे हक्क मिळावेत.

या मागण्या शिक्षक संघटना, रिक्षाचालक संघटना आणि गॅरेज कामगार यांच्या एकत्रित मोर्चातूनच पुढे येऊ शकतात. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील शाळांत जाऊन एवढेच विचारावे : व्यवसाय वर्गात इंजिन आहे का, आणि शिक्षकाला पगार कोण देतो? मिळणाऱ्या उत्तरांतून लढ्याची दिशा आपोआप स्पष्ट होईल.